स्टेअरिंगचं इलेक्ट्रॉनिक कुलूप उघडत नाही: काय तपासायचं, काय काढायचं, काय काढायचं नाही

तक्रार बहुतेक वेळा एकसारखीच असते. काल लावलेली गाडी आज सुरू होत नाही. बटण दाबलं की डॅशवर चावीचं पिवळं चिन्ह येतं, स्टार्टर फिरत नाही आणि स्टेअरिंग जागचं हलत नाही. काही गाड्यांत चावी खाचेत जाते, पण वळत नाही. दोन दिवसांनी तीच गाडी पहिल्याच दाबात सुरू होते आणि मालक विषय सोडून देतो. नेमकं तेच करू नये. हे कुलूप एका दिवसात मरत नाही, आठवडे किंवा महिने अडखळत असतं. अडखळतंय पण उघडतंय, तेवढ्याच काळात दुरुस्ती सोपी आणि स्वस्त असते. बंद अवस्थेत मेलं की ते फोडून काढावं लागतं.

आधी आत काय घडतं ते पाहू. चावी ओळखली गेली की बॉडी कंट्रोल युनिट, म्हणजे दारं, दिवे, कुलपं सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर (मर्सिडीजमध्ये चावीच्या खाचेमागचं युनिट), कुलपाला उघडायचा हुकूम देतं. कुलपातली छोटी डीसी मोटर फिरते, तिच्या दांड्यावरचा वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला) प्लास्टिकचं चाक फिरवतो आणि स्टेअरिंग कॉलमच्या, म्हणजे स्टेअरिंगमागच्या दांड्याच्या, खाचेत बसलेली पोलादी खिटी मागे ओढली जाते. खिटी पूर्ण मागे आली हे बारीक मायक्रोस्विच किंवा सेन्सर सांगतो. ती खबर युनिटला पोचल्यावरच गाडीला इग्निशनचा करंट मिळतो. यातला एक दुवा तुटला तरी बाहेरून लक्षण एकच दिसतं: गाडी सुरू होत नाही. म्हणून थेट नवं कुलूप मागवण्याआधी दुवे एकेक करून तपासावे लागतात.

स्पोर्ट्स कारला हा त्रास जास्त होतो, आणि त्याची कारणं साधी आहेत. अशी गाडी रोज निघत नाही, उभी राहून बॅटरी उतरते. पुढचे टायर रुंद असतात. चाक वळवलेल्या स्थितीत गाडी उभी केली की टायरचं पिळलेलं रबर स्टेअरिंगला उलट ढकलत राहतं. तो सगळा दाब खिटीच्या एका कडेवर येतो आणि छोट्या मोटरला ती खिटी ओढता येत नाही. यवतेश्वरच्या घाटातून कासकडे जाताना उतारावर, पुढचं चाक दगडाला टेकवून लावलेल्या गाडीत हेच होतं. कुलूप चांगलं असतं, खिटी आवळलेली असते.

जागेवर, पहिल्या पाच मिनिटांत

रेडिओ, एसी, पंखा बंद करा, दार लावा आणि कान स्टेअरिंगच्या खालच्या झाकणाजवळ न्या. दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा. अर्ध्या सेकंदाची घरघर आणि शेवटी टक् असा आवाज आला, तर मोटर फिरली आणि खिटी हलली. नुसतंच टक्-टक् होऊन थांबलं, तर मोटर जोर लावतेय पण खिटी आवळली आहे. काहीच आवाज नाही, तर एकतर कुलपापर्यंत करंट पोचत नाही किंवा मोटरच गेली आहे. निम्मं निदान या तीन आवाजांतच होतं.

बटणवाल्या गाडीत आणखी एक परीक्षा आहे. ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण एकदा दाबा. रेडिओ, डिस्प्ले सुरू झाले म्हणजे ॲक्सेसरी आली, म्हणजे कुलूप उघडलं आहे. मग दोष दुसरीकडे शोधा: ब्रेकच्या दिव्याचा स्विच, क्लचचा स्विच, स्टार्टर. ब्रेक दाबून मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का ते पाहिलं तरी स्विचचा निकाल लागतो. ॲक्सेसरीच येत नसेल आणि चावीचं चिन्ह पेटत असेल, तर संशय कुलपावर.

आता दाब काढा. स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. एका बाजूला ते किंचित मऊ लागेल. त्या बाजूला हाताच्या साध्या जोराने धरून ठेवा आणि त्याच वेळी बटण दाबा. नाही उघडलं तर उलट्या बाजूला धरून पुन्हा. दोन्ही हातांनी लोंबकळू नका. खिटी पोलादाची असली तरी तिचं घर हलक्या मिश्रधातूच्या ओतकामाचं असतं, ते तडकतं. प्रत्येक प्रयत्नानंतर निदान ३० सेकंद थांबा. ही मोटर सलग चालण्यासाठी बनवलेलीच नाही. शिवाय काही गाड्यांत फसलेल्या प्रयत्नांची नोंद होत जाते आणि एका मर्यादेनंतर कुलूप स्वतःला कायमचं बाद ठरवतं. घाबरून पंचवीस वेळा बटण दाबणं हे सगळ्यात महागात पडतं.

बॅटरी: अंदाज नको, मीटर लावा

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टीमीटरने मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की कुलूप, चावीची ओळख, सगळंच लहरी वागायला लागतं. स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. दिवे लागतात, हॉर्न वाजतो म्हणून बॅटरी चांगली असं धरू नका. सगळी युनिटं एकदम जागी होण्याच्या क्षणी थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज झटकन खाली बसतं आणि कुलपाचा हुकूम अर्ध्यावर राहतो.

जम्पर केबल लावली तर लगेच बटण दाबू नका. दुसऱ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं जाऊ द्या, मग प्रयत्न करा. क्रम असा: आधी दोन्ही प्लस, मग मदतीच्या गाडीचा मायनस, आणि शेवटचं टोक आपल्या गाडीच्या इंजिनच्या किंवा चॅसीच्या उघड्या धातूला. ज्या गाड्यांची बॅटरी डिकीत असते, त्यांना बहुधा बॉनेटखाली जोडणीचे टर्मिनल दिलेले असतात. डिकी इलेक्ट्रिक असेल तर चावीच्या आतली धातूची चावी ओढून काढा.

गाडी आठवड्यात एकदाच निघत असेल तर चार-पाच अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर घेऊन टाका. बॅटरी एजीएम जातीची (काचेच्या चटईत ॲसिड शोषलेली, सीलबंद) असेल तर चार्जरवर तोच मोड निवडा. चार्जर लावूनही बॅटरी उतरत असेल तर गाडी झोपल्यावरचा करंट मोजा. सगळी युनिटं झोपायला अर्धा तास द्या, मग तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. जास्त असेल तर एखादं बाहेरून बसवलेलं काहीतरी, बहुतेक वेळा डॅशकॅम, जीपीएस किंवा म्युझिक सिस्टिम, रात्रभर करंट खात असतं.

चावीतला बटन सेल ३ व्होल्टचा असतो, तो बदलायला फारसा खर्च नाही, बदलून टाका. मर्सिडीजच्या खाचेत घालायच्या चावीला मात्र खाचेतूनच वीज मिळते, त्यामुळे तिथे सेल बदलून कुलपाचा दोष जाणार नाही. तिथे दुसरी चावी लावून पाहणं हीच खरी परीक्षा. दोन्ही चाव्यांना सारखंच लक्षण असेल तर चावी निर्दोष.

करंट पोचतो का?

फ्यूज डोळ्यांनी पाहून सोडू नका, मीटरने दोन्ही पायांवर मोजा. मग स्टेअरिंगखालचं प्लास्टिकचं झाकण उघडून कुलपाचा कनेक्टर शोधा. इथे एक गोष्ट पुष्कळ वायरमन चुकवतात. अनेक गाड्यांत कुलपाला कायमचा करंट नसतो. चालत्या गाडीत स्टेअरिंग लॉक होऊ नये म्हणून मोटरचा करंट जाणूनबुजून तोडलेला असतो, आणि तो उघडण्या-लावण्याच्या क्षणापुरताच मिळतो. म्हणजे नुसता मीटर लावून शून्य दिसलं की वायर तुटली असा निष्कर्ष काढू नये. मीटर किमान-कमाल नोंदीवर ठेवा, बटण दाबायला लावा आणि कमाल आकडा वाचा.

बॅटरीवर १२.४ आणि कनेक्टरवर १० दिसले तर मधे कुठेतरी रोध आहे. अर्थिंगची (बॉडीला जाणारी मायनस) जोडणी तपासायला मीटरचं एक टोक कुलपाच्या अर्थ वायरवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर ठेवा. बटण दाबताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थचा बोल्ट काढून, घासून, पुन्हा आवळा. संदेशाची लिन वायर (कुलूप आणि युनिट एकमेकांशी बोलतात ती एकच वायर) शांत असताना बॅटरीएवढंच व्होल्टेज दाखवते आणि बोलणं चालू झालं की आकडा खाली-वर हलतो. ती कायम शून्यावर असेल तर ती कुठेतरी बॉडीला टेकली आहे.

मोबाईलला जोडायचं साधं स्कॅनर इथे कामाचं नाही, ते बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतं. बॉडी कंट्रोल युनिट वाचणारं मशीन लागतं. निसानमध्ये बी-२६०९ हा कुलपाच्या स्थितीचा कोड आहे, तर बी-२०१३ म्हणजे कुलूप आणि बॉडी युनिट यांची ओळख जुळत नाही. पहिला असेल तर मोटर, स्विच, वायरिंग पाहा. दुसरा असेल तर कुणीतरी जुनं कुलूप आणून बसवलंय का ते विचारा.

ठोकून उघडणं

करंट पोचतोय, दाबही काढला, तरी आवाज नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कुलपाच्या धातूच्या घरावर हलके ठोके द्यायचे, त्याच वेळी दुसऱ्याने बटण दाबायचं. हातोडा नको, आणि प्लगवर किंवा प्लास्टिकच्या बाजूवर मारू नका. हे चालतं यामागे कारण आहे. उघडलेल्या कुलपात मोटरच्या टोकाची टोपी काढली की दिसतं: कार्बन ब्रश झिजून बुटके झालेले, तांब्याच्या कम्युटेटरवर काळी रेघ आणि फटींमध्ये कोळशाची भुकटी भरलेली. मोटर नेमकी झिजलेल्या जागी थांबली की पुन्हा उठत नाही, ठोक्याने ती केसभर सरकते आणि ब्रश टेकतो. म्हणजे ठोकून उघडलेलं कुलूप दुरुस्त झालेलं नसतं, पुढच्या वेळी ते कुठे थांबेल याचा भरवसा नाही.

एकदा उघडलं की इंजिन बंद करू नका. थेट गॅरेजला किंवा घरी जा. वाटेत पेट्रोल भरायचं तर इंजिन बंद करावंच लागेल, म्हणून टाकीत किती आहे ते आधी पाहा. गॅरेज दुसऱ्या शहरात असेल तर अंतर लक्षात घ्या: साताऱ्याहून पुणं साधारण ११० किलोमीटर, सांगलीहून कोल्हापूर साधारण ५०. तेवढं नसेल तर पंपावर अडकण्यापेक्षा घरी नेऊन उभी करा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.

कोणत्या गाडीत काय

निसान ३७०झेड, भारतात २०१० मध्ये आलेली. या गाडीची ही जुनी आणि ओळखीची खोड आहे. इथे कुलूप उघडलेलं असताना त्याचा करंट तोडला तर बॉडी युनिट त्याला उघडंच समजत राहतं आणि गाडी सुरू होते. पद्धत: इंजिन चालू ठेवा, फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा आणि मॅन्युअल पाहून कुलपाचा स्वतंत्र फ्यूज ओढा, मग इंजिन बंद करा. दार उघडा, बंद करा, स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवून लॉक होत नाही ना ते बघा, आणि जागेवरच चार-पाच वेळा सुरू करून पाहा. फ्यूज इतर कशाशी सामायिक असेल तर तो ओढू नका. कुलूप बंद स्थितीत असताना फ्यूज काढून काहीही साधत नाही.

हीच युक्ती मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांवर करू नका. तिथे कुलपाचं उत्तर आल्याशिवाय इग्निशनच मिळत नाही. प्लग काढलात तर आतापर्यंत अधूनमधून सुरू होणारी गाडी कायमची बसेल.

मर्सिडीजमध्ये डब्ल्यू२०४ सी-क्लास, त्याच घराण्यातली सी६३ एएमजी, आणि ई-क्लासची कूपे या पिढीत मोटरचे ब्रश झिजणं हेच मुख्य दुखणं. चावी आत गेल्यावर येणारी झर्र अशी घरघर मंदावली किंवा कधी येते कधी येत नाही असं झालं, की तीच सूचना समजायची. या टप्प्यावर कुलूप काढून नुसती मोटर बदलता येते. आतल्या प्रोसेसरने एकदा कायमचा दोष नोंदवला की नवी मोटर घालूनही ते उघडत नाही. तेव्हा एकतर नवं कुलूप कंपनीच्या सिस्टिममधून गाडीशी जुळवून घ्यायचं, किंवा इम्युलेटर बसवायचा. इम्युलेटर म्हणजे कुलपाच्या जागी बसून युनिटला अपेक्षित उत्तर देणारी छोटी पेटी. तो बसवणारा माणूस चावीच्या युनिटमधून पासवर्ड वाचू शकतो का, हे आधी विचारा. नुसता प्लग बदलून हे काम होत नाही.

बीएमडब्ल्यूच्या ई९० पिढीत, एम३ कूपेसकट, अडखळलेल्या उघडण्यांची मोजणी इमोबिलायझर युनिटमध्ये (चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं युनिट) साठते. आधी पिवळी सूचना, मग लाल, मग गाडी सुरू होणं बंद. कुलूप दुरुस्त केल्यावर ती मोजणी मशीन लावून शून्यावर आणावी लागते, नाहीतर चांगलं कुलूप बसवूनही गाडी रुसलेलीच राहते. फोक्सवॅगन पसाट आणि बटणवाली जुनी स्कोडा सुपर्ब यांत मोटरपेक्षा मायक्रोस्विच जास्त जातात. खिटी हलते, आवाज येतो, पण ती मागे आल्याची खबर पोचत नाही.

बदलायची वेळ आली तर

कुलूप कॉलमवर मुंडकं तुटणाऱ्या बोल्टने धरलेलं असतं. बसवताना ठरलेल्या जोरानंतर मुंडकं तुटून पडतं, मग साधा पाना लागतच नाही. काढताना मधोमध पंचाने खूण करायची, उलट्या फिरणाऱ्या ड्रिल बिटने भोक पाडायचं. बहुतेकदा बोल्ट त्यातच सुटून येतो, नाहीतर एक्स्ट्रॅक्टर (भोकात उलटा फिरवून तुटका बोल्ट काढायचं हत्यार). नवे बोल्ट त्याच जातीचे घ्या आणि मुंडकं तुटेपर्यंत आवळा.

त्याआधी चाकं सरळ करा (कुलूप उघडं असेल तर), बॅटरीचा मायनस काढा आणि दहा मिनिटं थांबा, एअरबॅगमधला विजेचा साठा उतरायला. स्टेअरिंग व्हील काढलं असेल तर मागची गुंडाळी वायर टेपने जागेवर धरा. ती फिरली तर एअरबॅग आणि हॉर्न दोन्ही जातील.

कुलूप बंद अवस्थेत मेलं असेल तर घर कापून वर्म गिअर हाताने फिरवावा लागतो. ग्राइंडरच्या ठिणग्या वायरिंगवर पडतात, म्हणून ओलं कापड झाकून आणि कॉलम शक्य तर बाहेर काढूनच हे करावं. रस्त्याच्या कडेला कुणालाही हे करू देऊ नका.

एक गोष्ट ठाम सांगायची आहे. अर्धवट तोडलेली खिटी, सुटा स्प्रिंग किंवा गिअरचा तुकडा घरात ठेवून गाडी चालवायची नाही. खंबाटकीच्या वळणावर तो तुकडा खाचेत पडला तर स्टेअरिंग तिथेच अडकेल. खिटी काढायची तर पूर्ण काढा, घर रिकामं आहे हे टॉर्च लावून बघा, आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून कुठे घासत नाही याची खात्री करा.

दुसऱ्या गाडीतून काढलेलं जुनं कुलूप बहुतेक वेळा चालत नाही, कारण त्याची ओळख जुन्या गाडीशी बांधलेली असते. आणि कुलूप कायमचं निकामी करत असाल तर चोरीपासूनचं एक संरक्षण जातं. कामाचं बिल ठेवा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि हाताने लावायचं यांत्रिक स्टेअरिंग लॉक घ्या.

सांगलीकडच्या गाड्यांसाठी वेगळं

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर सांगलीच्या बाजूने जुन्या गाड्या घेताना हे कुलूप आवर्जून तपासा. कॉलम उंचावर असतो, पण बॉडी कंट्रोल युनिट आणि वायरिंगचे जोड अनेक गाड्यांत पायाजवळ असतात. खालचं पॅनेल काढा, कनेक्टरच्या पिनांवर हिरवी-पांढरी भुकटी किंवा वायरच्या गुंडाळ्यात वाळलेली गाळाची रेघ दिसते का पाहा. दिसली तर कुलूप बदलून काही होणार नाही. तिकडे महाबळेश्वरात पाऊस वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर जातो. तिथे पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत पुराविनाही हीच हिरवट भुकटी धरते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पूर्ण वाळवून कनेक्टर बसवा. त्यात साधं ग्रीस भरू नका.

उचलून न्यायची वेळ आली तर

फोनवरच सांगा की स्टेअरिंग लॉक आहे आणि गाडी बुटकी आहे. फ्लॅटबेडच (गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक) लागेल. चाकं सरळ असतील तर विंचने सरळ ओढता येते. वळलेली असतील तर पुढच्या चाकांखाली चाकांच्या ट्रॉल्या घालाव्या लागतात, नुसतं ओढलं तर टायर घासतो आणि सगळा जोर खिटीवर येतो. बंपर वाचवायला रॅम्पपुढे दोन लाकडी फळ्या ठेवा. टो हुक डिकीतल्या टूलकिटमध्ये असतो, तो शेवटपर्यंत आवळा. ऑटोमॅटिक गाडी पी मध्ये अडकली असेल तर मागच्या चाकांनाही ट्रॉल्या लागतील, तेही आधीच सांगा.

घाटात लावताना हँडब्रेक आधी ओढा, मग पाय सोडा, मग गिअर टाका आणि चाकाला उटी लावा. इंजिन बंद करण्याआधी स्टेअरिंगवरचे हात सोडा आणि ते स्वतःहून जेवढं मागे येईल तेवढं येऊ द्या. टायर दगडाला दाबून ठेवू नका.